मदत नको, मेस चालू ठेवा

२००० साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठानं प्रवेशाचं माहितीपत्रक काढलं. मुखपृष्ठावर फुटबॉलची मॅच बघायला जमलेली पोरं. सगळी गोरी, सगळी खिदळणारी. आणि त्या गर्दीत एक काळा चेहरा. पुढं उघड झालं की तो पोरगा त्या मॅचला गेलेलाच नव्हता. साहेबांना गर्दीत काळा माणूस पाहिजे होता, सापडेना, म्हणून दुसऱ्याच फोटोतलं त्याचं मुंडकं उचललं आणि इथं डकवलं.

हे विद्यापीठ सरकारी. मला बोलायचंय ते खाजगी कॉलेजांबद्दल. तिथं असं डकवाडकवीचं काम पडत नाही. काळा विद्यार्थी खराखुरा आणून, खायला-प्यायला घालून, हिरवळीवर बसवून त्याचा फोटो काढण्याइतका पैसा त्यांच्याकडं आहे. फोटो काढून झाल्यावर त्याचं काय होतं, त्याबद्दल हा लेख.

'लिबरल आर्ट्स कॉलेज' म्हटल्यावर आपला वाचक समजेल, आर्ट्सचं कॉलेज असंल, बी.ए.ला मराठी आणि इतिहास. तसं नाही. तिथं गणित आहे, रसायन आहे, संगीत आहे, तत्त्वज्ञान आहे. पोरं हजार-दोन हजार, फार तर तीन हजार. बहुतेक सगळी कॉलेजच्या आवारातच राहतात, तिथंच जेवतात. वर्गात पंधरा-वीस डोकी. मास्तर प्रत्येकाला नावानं ओळखतो. ॲमर्स्ट, विल्यम्स, स्वॉर्थमोर, ओबर्लिन, व्हॅसर ही त्यांतली बडी नावं. विल्यम्स आणि ॲमर्स्ट या दोन कॉलेजांच्या गंगाजळीत प्रत्येकी तीन अब्ज डॉलरच्या वर रक्कम पडून आहे. एका पोराचा राहण्या-जेवण्यासकट वर्षाचा खर्च ऐंशी हजार डॉलरच्या वर जातो. सगळ्यांना तो द्यावा लागत नाही, गरिबाला माफीही मिळते. पण बघा कुणाची पोरं तिथं जातात. राज चेट्टी आणि त्याच्या साथीदार अर्थशास्त्रज्ञांनी २०१७ साली हिशेब मांडला. त्यात अशी ३८ कॉलेजं निघाली, की जिथं वरच्या एक टक्का श्रीमंतांची पोरं खालच्या साठ टक्क्यांच्या पोरांपेक्षा जास्त आहेत. एक टक्का एका पारड्यात, साठ टक्के दुसऱ्या पारड्यात, आणि पारडं झुकतंय एक टक्क्याकडं!

या कॉलेजांतून गेली पन्नास-साठ वर्षं एक विषय चघळला जातोय. 'स्टुडंट्स ऑफ कलर', म्हणजे गोरे नसलेले विद्यार्थी: काळे, लॅटिनो, तिथले मूळ रहिवासी, आशियाई. यांना आमच्या कॉलेजात फुलायला-बहरायला मदत कशी करावी? कमिट्या बसतात. अहवाल निघतात. समुपदेशक नेमले जातात. शिबिरं होतात. परत कमिटी बसते.

मला पहिला राग येतो तो 'मदत' या शब्दाचा. मदत कुणाला करतात? जो पडला त्याला. मग पहिला सवाल हा पाहिजे की हा पडला कशाला? याचे पाय अधू होते, की तुमची जमीन निसरडी होती? प्रस्थापित माणूस हा सवाल कधीच करत नाही. तो सरळ पायांवर उपचार चालू करतो.

कुणी म्हणेल, अमेरिकेतल्या श्रीमंत कॉलेजांचं आपल्याला काय? इथं आपल्या पोरांची शिष्यवृत्ती परीक्षा झाली तरी हातात पडत नाही. बरोबर आहे. पण १९१३ साली बडोद्याच्या पैशावर बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबियात गेले, तेव्हापासून हा आपलाही विषय आहे. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे विचारवंत डुबॉइस यांना पत्र धाडलं. १९७२ साली आपल्या पोरांनी मुंबईत पँथर हे नाव घेतलं ते तिकडच्या काळ्या पँथरांवरून. आणि आता तर माझी सख्खी भाची तिकडच्या एका कॉलेजात शिकून आली. कॉलेजचं नाव मी लिहीत नाही. तिची पदवी तिच्या हातात आहे, तिचं पुढचं आयुष्य तिला जगायचंय.

तर आता साच्याची गोष्ट. २०१५ साली कॅलिफोर्नियात क्लेअरमाँट मकेना नावाच्या कॉलेजात एका लॅटिनो मुलीनं लेख लिहिला, की कामगाराच्या घरातली पोरगी म्हणून मला इथं परकं वाटतं. कॉलेजच्या विद्यार्थी-प्रमुख बाईंनी तिला उत्तर लिहिलं. त्या उत्तरात, आमच्या कॉलेजच्या साच्यात जे बसत नाहीत अशा विद्यार्थ्यांसाठी आम्हाला जास्त काही करायचंय, अशा अर्थाचं वाक्य पडलं. आग लागली. निदर्शनं झाली, उपोषणाची भाषा झाली, बाईंना राजीनामा द्यावा लागला.

माझं मत विचाराल तर त्या बाईंचं वाक्य हे त्या सगळ्या कागदपत्रांतलं एकमेव खरं वाक्य होतं. साचा आहे! इतरांनी तो 'परंपरा', 'वातावरण', 'गुणवत्ता' अशा नावांनी झाकून ठेवलेला असतो, बाईंच्या हातून झाकण पडलं. बाई गेल्या. साचा तिथंच.

या साच्यात न बसणाऱ्याला घासून-तासून बसवायचं, यालाच पुष्कळ ठिकाणी मदत म्हणतात. त्यातला सर्वात जुना रंधा म्हणजे 'कच्च्या विद्यार्थ्यांचा वर्ग'. आपल्याकडंही आहे तो. पोरगा आला, जात कळली, की मास्तर धरून चालतो की हा इंग्रजीत कच्चा, गणितात कच्चा, घरी कुणी शिकलेलं नाही. मग त्याला संध्याकाळी सोपी गणितं घालायची. दयाबुद्धीनं. ही दयाबुद्धी फार वाईट. शिवी परवडते, तिला उलटून शिवी देता येते.

यावर एका गोऱ्या माणसानं केलेलं काम सांगतो. युरी ट्राइसमन. सत्तरच्या दशकात तो बर्कलीला गणित शिकवणाऱ्यांत होता. बर्कली सरकारी विद्यापीठ आहे, पण गोष्ट सगळ्यांना लागू पडते. कॅल्क्युलसमध्ये काळी पोरं धडाधड नापास होत होती. का? प्राध्यापकांकडं चार कारणं तयार होती. यांना जिद्द नाही. यांचा पाया कच्चा. यांच्या घरी शिक्षणाची किंमत नाही. आणि गरिबी. ट्राइसमननं वीस काळी पोरं आणि वीस चिनी वंशाची पोरं घेतली आणि त्यांच्या मागं मागं राहून बघितलं, ती अभ्यास करतात कसा. चारही कारणं टिकली नाहीत. जिद्द नसती तर ती पोरं तिथवर पोचलीच नसती. त्यांच्या आईबापांनी हाडाची काडं करून त्यांना धाडलेलं होतं. फरक एकच दिसला. चिनी पोरं घोळक्यानं अभ्यास करत. जेवताना गणित, चालताना गणित, एकमेकाच्या वहीतल्या चुका एकमेकानं काढायच्या. काळा पोरगा खोलीचं दार लावून एकटा बसे. सांगितलेला सगळा अभ्यास इमानेइतबारे करी, आणि नापास होई. आपण कुठं चुकतो हे सांगायला त्याच्या बाजूला कुणी नव्हतं. आणि तोही कुणाला विचारत नव्हता, कारण विचारलं तर गोरे म्हणणार, बघा, याला येत नाही. एकट्याच्या बळावर शाळेत पहिला आलेला पोरगा तो. एकटं राहणं हीच त्याची आजवरची ताकद होती, आणि इथं तिनंच त्याचा घात केला.

मग ट्राइसमननं काय केलं? सोपा वर्ग काढला नाही. उलट नेहमीच्यापेक्षा कठीण गणितं काढली, पोरांना सांगितलं की हा हुशारांचा वर्ग आहे, आणि त्यांना एका टेबलाभोवती बसवलं. भांडा, म्हणाला, गणितावरनं भांडा. त्या टेबलावरची पोरं वर्गाच्या पुढं गेली.

हे वाचलं तेव्हा मला औरंगाबादचं वसतिगृह आठवलं. आता शहराचं नाव बदललंय, पण माझ्या आठवणीत ते औरंगाबादच. बाबासाहेबांनी १९५० साली मिलिंद कॉलेज काढलं ते नुसत्या चार भिंती आणि फळा म्हणून नाही. खेड्यापाड्यातनं, गावकुसाबाहेरनं आलेली पोरं एका ठिकाणी राहतील, एका पंगतीला जेवतील, रात्री एकमेकाचं वाचून दाखवतील, अशी ती रचना होती. एका खोलीत चौघं, एक कंदील, आणि एकाची कविता दुसऱ्यानं फाडायची. मराठवाड्यात जे दलित लिहिते झाले त्यातल्या कितीकांचं पहिलं लिखाण अशा खोल्यांत झालंय. तिथं कुणाला 'फुलायला मदत' लागली नव्हती. पोटाला भाकरी, डोक्यावर पत्रा आणि भोवती आपली माणसं होती.

अमेरिकेतही याचा पुरावा आहे, आणि तो गोऱ्या कॉलेजवाल्यांना अडचणीचा आहे. अटलांटामधली मोरहाउस आणि स्पेलमन, ही दोन्हीही खाजगी लिबरल आर्ट्स कॉलेजंच. मोरहाउस १८६७ चं, काळ्या मुलग्यांचं. मार्टिन ल्यूथर किंग तिथनंच १९४८ साली पदवी घेऊन निघाले. स्पेलमन १८८१ चं, काळ्या मुलींचं. विज्ञानात आणि गणितात पीएच.डी. झालेल्या काळ्या बायांची पहिली पदवी कुठली हे बघायला गेलं तर स्पेलमनचं नाव अगदी वर येतं. गंगाजळी विल्यम्सच्या पासंगाला पुरत नाही. पोरी मात्र त्याच, त्याच घरांतल्या, त्याच शाळांतल्या. मग पाया कच्चा होता तो कुठं गेला?

याचा अर्थ मी असं म्हणत नाही की आपापल्या कॉलेजात जावा, गोऱ्यांच्या दारात जाऊ नका. हेच तर तिकडचे शहाणे म्हणतात. त्यांचा एक सिद्धान्तच आहे: काळ्या पोराला त्याच्या लायकीपेक्षा मोठ्या कॉलेजात घातलं तर तो बुडतो, तेव्हा त्याच्या भल्यासाठीच त्याला खालच्या कॉलेजात धाडा. भल्यासाठी! आमच्या भल्यासाठीच आम्हाला विहिरीपासून लांब ठेवलं होतं. १९९८ साली बोवेन आणि बॉक या दोघांनी, एक प्रिन्स्टनचा माजी अध्यक्ष आणि दुसरा हार्वर्डचा, २८ नामांकित कॉलेज-विद्यापीठांतल्या हजारो विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासून पुस्तक लिहिलं. त्यात उलटंच निघालं. कॉलेज जितकं वरचं, तितकं काळ्या विद्यार्थ्यांचं पदवी पुरी करण्याचं प्रमाण जास्त. बुडतो तो पाण्याच्या खोलीमुळं नव्हे. कुणी सोबतीला नसतं म्हणून बुडतो.

सोबत. १९८९ साली न्यूयॉर्कला 'पोसी' नावाची संस्था निघाली ती एवढ्या एका गोष्टीवर. हुशार पोरं बड्या कॉलेजात जात आणि सहा महिन्यांत परत येत. त्यातल्या एकानं सांगितलं, की माझी टोळी माझ्याबरोबर असती तर मी कॉलेज सोडलं नसतं. संस्थेनं मग एका शहरातली दहा पोरं निवडून ती दहाच्या दहा एकाच कॉलेजात धाडायला सुरुवात केली. जायच्या आधी कित्येक महिने ती एकत्र भेटतात, एकमेकाला ओळखतात. शिक्षणाची फी कॉलेजानं सोडायची. मिडलबरी, ग्रिनेल, ब्रिन मॉर अशी कॉलेजं यात आली. या टोळ्यांतली दहातली नऊ पोरं पदवी घेऊन बाहेर पडतात असं संस्था सांगते. यात मोठं मानसशास्त्र काय आहे? काही नाही. आमच्या आयाबाया पहाटे गवताला, सरपणाला निघायच्या तेव्हा एकटी कधी जात नव्हत्या.

म्हणून मी म्हणतो, पहिली मदत म्हणजे संख्या. आणि नेमकी तीच आता कापलीय. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की प्रवेश देताना वंश विचारात घ्यायचा नाही. पुढच्याच वर्षी, २०२४ ला, ॲमर्स्टच्या पहिल्या वर्षात काळ्या विद्यार्थ्यांचं प्रमाण अकरा टक्क्यांवरनं तीन टक्क्यांवर आलं. शंभरात अकरा होते, शंभरात तीन राहिले. सगळीकडं एवढी पडझड झाली नाही, हेही खरं. पण जिथं झाली तिथल्या त्या तिघांचा विचार करा. पंधराच्या वर्गात तो एकटा. गुलामगिरीचा धडा आला की चौदा माना त्याच्याकडं वळणार. त्याला तुम्ही कितीही समुपदेशन करा.

आणि गंमत बघा. वंश विचारात घेणं अन्याय, पण बाप विचारात घेणं अन्याय नव्हे! या कॉलेजांत जुनी चाल आहे. बाप तिथं शिकला असेल तर पोराला प्रवेशात झुकतं माप. ते याला वारसा म्हणतात. आम्ही याला वतन म्हणतो. आमच्या बापजाद्यांचं वतन मेलेली ढोरं ओढायचं होतं, यांचं वतन हिरवळीवरचं, एवढाच फरक. ॲमर्स्टनं २०२१ साली हे वतन खालसा केलं, वेस्लियननं २०२३ साली. चांगलं केलं. अजून कितीतरी ठिकाणी ते चालू आहे आणि त्या पोरांना कुणी 'कोट्यातला' म्हणत नाही.

आता भाकरीकडं येतो.

ॲन्थनी जॅक नावाचा काळा समाजशास्त्रज्ञ आहे. मायामीच्या गरीब वस्तीतला, ॲमर्स्टला २००७ साली पदवीधर झालेला. २०१९ साली त्याचं पुस्तक आलं. एका बड्या विद्यापीठात राहून त्यानं गरीब पोरांना बोलतं केलं. विद्यापीठाचं नाव त्यानं पुस्तकात बदललंय. त्यात दोन गोष्टी अशा आहेत की वाचताना मला अमेरिका वाटली नाही.

एक. वसंताच्या सुटीत मेस बंद. सगळी पोरं घरी जातात, समुद्रावर जातात, असं विद्यापीठानं गृहीत धरलेलं. ज्याच्याकडं विमानाचं भाडं नाही तो मागं राहतो, आणि उपाशी राहतो. अब्जावधी डॉलरच्या आवारात हुशार म्हणून हुडकून आणलेला पोरगा फाके काढतो! माझ्या भाचीनं हेच सांगितलं. तिच्या कॉलेजात थंडीच्या सुटीत मेसला कुलूप. बाहेर गुडघाभर बर्फ. ती पाव आणि शेंगदाण्याचं लोणी यांवर तीन आठवडे राहिली. फोनवर म्हणायची, "मामा, जेवले हो मी." आल्यावर खरं सांगितलं. कॉलेजच्या चोपडीत 'आपलेपणाची भावना' यावर बारा पानं आहेत. मेसच्या वेळापत्रकावर एक ओळ नाही.

दोन. काम. गरीब पोरांना हातखर्चासाठी काम करावं लागतं, आणि तिथं बऱ्या पैशाचं एक काम म्हणजे इतर विद्यार्थ्यांच्या खोल्यांतली संडास-बाथरूम साफ करणं. सकाळी ज्याच्या शेजारी बसून तत्त्वज्ञान शिकायचं, दुपारी त्याचाच संडास घासायचा. जॅकला पोरांनी सांगितलंय, घासताना आणि दारात तो वर्गमित्र उभा असताना काय वाटतं ते. आपल्या वाचकाला ते मी समजावून सांगायची गरज नाही.

यावर कुणी गांधीवादी उठंल आणि म्हणंल, श्रम पवित्र आहेत. असतील. मग सगळ्यांनी करा! केंटकीत बेरीया नावाचं कॉलेज आहे. १८५५ साली गुलामगिरीविरोधी माणसांनी काढलेलं. तिथं शिकवणीची फी कुणालाच नाही, आणि काम सगळ्यांना आहे. प्रत्येक विद्यार्थ्यानं आठवड्याला निदान दहा तास काम करायचं. तिथं झाडू हातात घेतल्यानं कुणाची जात उघडी पडत नाही, कारण झाडू सगळ्यांच्या हातात. या कॉलेजात काळे-गोरे एकत्र शिकत, म्हणून १९०४ साली केंटकीनं खास कायदा करून ते बंद पाडलं. कॉलेज कोर्टात गेलं आणि १९०८ साली सर्वोच्च न्यायालयात हरलं. १९५० साली कायदा सैल झाल्यावर त्यानं काळ्यांना दारं परत उघडली. म्हणजे करायचं म्हटलं तर करता येतं. तीन अब्ज नसतानाही.

जॅकची आणखी एक गोष्ट थोडक्यात सांगतो. गरीब काळी पोरं सगळी एकसारखी नसतात. बड्या कॉलेजातल्या गरीब काळ्या पोरांपैकी जवळजवळ निम्मी ही खाजगी शाळांत शिष्यवृत्तीवर शिकून आलेली असतात. त्यांना साहेबाशी बोलायची सवय झालेली असते. उरलेली निम्मी सरळ वस्तीतल्या शाळेतनं येतात. मास्तर म्हणतो, माझ्या भेटीच्या वेळेत या. या पोरांना वाटतं ती मास्तरच्या कामाची वेळ, तेव्हा त्रास द्यायचा नाही. श्रीमंताचं पोर मात्र दार ढकलून आत जातं, खुर्ची ओढतं, गप्पा मारतं. शिफारसपत्र कुणाला मिळणार? आमच्यातला कारकून झालेला माणूससुद्धा साहेबाच्या खोलीबाहेर चपला काढून उभा राहायचा. ही सवय भाषणानं जात नाही. मास्तरनं खुर्चीतनं उठून पोराकडं जावं लागतं, आणि तसं जाण्याचं काम त्याच्या नोकरीत मोजलं जावं लागतं. आज ते मोजलं जात नाही. जे दोन-चार काळे प्राध्यापक असतात त्यांच्याच दाराशी सगळी काळी पोरं रडायला येतात, आणि बढतीच्या वेळी त्या प्राध्यापकाला विचारतात, तुमचे संशोधन लेख कमी कसे?

बरं, आजवर जे काही मिळालं ते कसं मिळालं? अहवालानं? ओबर्लिन कॉलेजचं उदाहरण गोरे फार कौतुकानं सांगतात, की आम्ही १८३५ सालीच काळ्यांना प्रवेश दिला. दिला. पण कसा? कॉलेज दिवाळं काढायच्या बेतात होतं. सिनसिनाटीच्या धर्मशाळेतनं बंड करून निघालेली पोरं म्हणाली, आम्ही येतो, पैसेही येतील, अट एकच, काळ्यांना दार उघडा. विश्वस्तांची मतं समसमान पडली आणि अध्यक्षाच्या एका मतानं ठराव झाला. त्याच ओबर्लिनची १८८४ सालची पदवीधर मेरी चर्च टेरेल. तीसेक वर्षांनी तिच्या घरच्या पोरी तिथं शिकायला गेल्या तेव्हा वसतिगृहातल्या जागेवरनं तिला कॉलेजशी भांडावं लागलं. दार उघडलं होतं, खोली मिळत नव्हती.

आणि १९६९. स्वॉर्थमोर. तिथल्या प्रवेश विभागानं काळ्या विद्यार्थ्यांवर अहवाल तयार केला, सद्हेतूनंच, आणि तो ग्रंथालयात सगळ्यांना वाचायला ठेवला. त्यात काळ्या पोरांचे मार्क, त्यांच्या आईबापांचं उत्पन्न. नावं नव्हती, पण पोरं इतकी मोजकी की कोण कुणाचं ते आंधळ्यालाही कळावं. पोरं म्हणाली, काढा तो. काढेनात. जानेवारीत त्यांनी प्रवेशाचं कार्यालय ताब्यात घेतलं आणि आठ दिवस धरून ठेवलं. आठव्या दिवशी कॉलेजचा अध्यक्ष हृदय बंद पडून वारला. पोरांनी आपणहून कार्यालय सोडलं, आणि त्या मरणाचं खापर त्यांच्याच माथ्यावर फोडलं गेलं.

त्या अहवालाबद्दल वाचताना माझ्या कॉलेजातला नोटीस बोर्ड माझ्यापुढं उभा राहिला. पदवीनंतर मी दुसऱ्या शहरातल्या एका नामांकित कॉलेजात गेलो होतो. नाव सांगत नाही. तिथं बी.सी. स्कॉलरशिपची यादी जिन्याजवळ लावायचे. नाव, जात, बापाचं उत्पन्न. जाता-येता सगळं कॉलेज वाचायचं. आणि भर वर्गात शिपाई येऊन ओरडायचा, "स्कॉलरशिपवाले, ऑफिसात!" आम्ही उठायचो. बाकावरनं उठणं एवढीच ती क्रिया, पण चाळीस डोळे पाठीत रुतायचे. 'सरकारचे जावई' हा शब्द मी पहिल्यांदा त्या वर्गात ऐकला. कुणाचंच वाईट करायचा हेतू नसेल. शिपायाला तर नव्हताच.

त्याच १९६९ च्या ऑक्टोबरात व्हॅसरमध्ये चौतीस काळ्या मुली मुख्य इमारतीत शिरल्या आणि तीन दिवस बसल्या. काळ्यांच्या इतिहास-संस्कृतीचा पदवी अभ्यासक्रम त्यांनी तिथं पक्का करून घेतला. २०१५ च्या नोव्हेंबरात ॲमर्स्टची पोरं ग्रंथालयात ठाण मांडून बसली. त्या कॉलेजचं बिनसरकारी निशाण होतं लॉर्ड जेफ्री ॲमर्स्ट. या सेनापतीनं १७६३ साली मूळ रहिवाशांत देवीची लागण झालेली घोंगडी पसरवण्याला संमती देणारी पत्रं लिहिली होती. त्याच्या नावानं पोरं मॅचमध्ये आरोळ्या द्यायची. जानेवारी २०१६ मध्ये विश्वस्तांनी ते निशाण सोडलं. मूळ रहिवाशांतल्या कुणा मुलीनं त्याआधी किती वर्षं त्या आरोळ्या ऐकल्या असतील? आणि तिला त्याच काळात कुणी समुपदेशक 'फुलायला' शिकवत असेल.

२०२५ च्या जानेवारीत ट्रम्प परत गादीवर बसला आणि त्यानं या सगळ्याविरुद्ध फतवे काढायला सुरुवात केली. तिकडच्या कॉलेजांनी काय केलं? कितीतरी ठिकाणी दारावरच्या पाट्या बदलल्या. 'विविधता' काढली, दुसरा गुळगुळीत शब्द लावला. जे दान म्हणून दिलं ते दाता परत घेतो. व्हॅसरचा अभ्यासक्रम मात्र पन्नासावर वर्षं झाली, चालू आहे.

शेवटी एक गोष्ट, आणि ती आपल्या घरातली आहे. 'स्टुडंट्स ऑफ कलर' या पिशवीत आशियाई येतात, आणि आशियाईत हिंदुस्थानी येतात. म्हणजे न्यू जर्सीत वाढलेला डॉक्टरचा सवर्ण मुलगा आणि डेट्रॉईटच्या वस्तीतली काळी पोरगी एकाच बेरजेत. माझ्या भाचीसारख्या परदेशी पोरांचा रकाना सरकारी हिशेबात वेगळा असतो, पण फोटोत सगळे एकत्रच. नोव्हेंबरच्या सुटीत तिला एका मराठी वर्गमित्रानं घरी जेवायला नेलं. आईनं कौतुकानं पुरणपोळी वाढली. आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मग गावात घर कुठल्या बाजूला ते विचारलं. मग टी.व्ही. लावला. त्या मुलाच्या कॉलेज-अर्जातला निबंध वर्णद्वेषाच्या अनुभवावर होता, हे त्यानंच तिला आधी सांगितलेलं.

कॉलेजच्या कमिटीला हे दिसत नाही. तिच्या यादीत दोघंही 'रंगाचे'. मेनमधल्या कोल्बी कॉलेजनं २०२१ साली आपल्या भेदभावविरोधी नियमात जात हा शब्द घातला. त्याआधी २०१९ साली ब्रँडाइस विद्यापीठानं घातला होता. आपल्याच लोकांनी तिकडं राहून, पत्रं लिहून, साक्षी देऊन हे करवून घेतलं. २०२३ साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं तसाच कायदा मंजूर केला आणि राज्यपालानं तो नाकारला. कायद्याच्या विरोधात आरडाओरडा करणारे कोण होते, हे वेगळं लिहायला नको. आणि चेट्टीच्या त्या ३८ कॉलेजांच्या यादीत कोल्बीही आहे, हेही विसरू नका. जात नियमात आली, साठ टक्के अजून दारातच आहेत.

यंदा आपल्या वस्त्यांतनं दोन-चार पोरं-पोरी तिकडं निघाल्यात असं कळतं. त्यांच्या आईबापांना मी सांगितलंय, फोटो बघू नका, कॉलेजला कागद लिहा. सुटीत मेस चालू असते का. नसेल तर जेवणाचे पैसे देता का. खोली सोडावी लागते का, सामान कुठं ठेवायचं. पोरांना काय काम देता, आणि तेच काम फीवाल्यांची पोरं करतात का. आमच्यासारखी किती पोरं गेल्या साली घेतली आणि त्यातली किती टिकली. जात तुमच्या नियमात आहे का, आणि तक्रार कुणाकडं करायची, त्या माणसाचं नाव काय. उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी मागा, आणि आलेलं उत्तर माझ्याकडं धाडा. जमतील तेवढी उत्तरं पुढच्या अंकात छापू.